दिमोनातला मलिदा

पडद्यावर हे हात दिसताहेत ना, ते एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या आजींचे, आणि घर आहे दिमोनात, इस्रायलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटात. काल रात्री भिजत घातलेल्या काळ्या मनुका बघा कशा टम्म फुगल्यात, आता त्या हातानेच कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या, झालं सरबत. शुक्रवारी दिवे लावले की किद्दुश, म्हणजे ज्यूंच्या पवित्र शनिवारच्या स्वागताची वाइनवर म्हणायची प्रार्थना, ती ह्याच्यावर. खाली दुकानात वाइन मिळते हो, पण कोकणात कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारी वाइन कुठून आणणार, म्हणून पूर्वजांनी काढलेली ही युक्ती आजींनी इथेही सोडली नाही.

कोकणात ह्यांना शनिवार तेली म्हणायचे, शनिवार विश्रांतीचा, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद म्हणून, म्हणजे दर आठवड्याला एका दिवसाच्या कमाईवर पाणी. इथे शनिवारची सुट्टी सगळ्या देशालाच, पण दिमोना वसलं १९५५ साली आणि साठच्या दशकात हे कुटुंब आलं तेव्हा हिब्रू येत नव्हतं, कापडगिरणीतला पगार महिनाअखेर पुरायचा नाही, ओला नारळ तर विसराच, आजी सांगतात मुंबईहून कुणी आलं की सुकं खोबरं मागवायचो आणि ते जपून ठेवायचं मलिद्यासाठी, म्हणजे प्रार्थनेला करतात त्या गोड पोह्यांसाठी.

आजचा मलिदा नवसाचा. धाकटा नातू सैन्यातली नोकरी संपवून सुखरूप आला, एलियाहू हन्नाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला बोललेलं फेडायचंय. पोहे नुसते धुवायचे, भिजवत ठेवायचे नाहीत, ‘अगं लगदा करशील!’ म्हणून थोरली नातसून दोनदा बोलणी खाते (ती मोरोक्कन घरातली, मराठी तिला तेवढंच कळतं). मग त्यात खोबरं, साखर, वेलची, काजू-बदाम, वर खजूर, सफरचंद, केळी, पाच तरी फळं हवीतच. आणि प्रत्येकाची बराखा, म्हणजे खाण्याआधी म्हणायची छोटी प्रार्थना, सारखी नाही बरं का, केळ्याची वेगळी, कारण केळ हे झाड धरत नाहीत, गुलाबाचा वास घ्यायचा त्याचीसुद्धा वेगळी.

मधे १९६२ साली रब्बीनेटने, म्हणजे इस्रायलच्या मुख्य धर्मगुरूंच्या संस्थेने, बेने इस्रायलींच्या ज्यू असण्यावर आणि म्हणून लग्नांवर शंका काढली होती, धरणं धरावं लागलं, १९६४ मध्ये संसदेने हे पूर्ण ज्यू आहेत असं सांगितलं.

प्रार्थना संपली. हे बोटांना बोटं लावून स्वतःच्या ओठांशी नेणं, ही हाथबोशी, लहान पोरांपासून सगळे करतात.

ताट फिरत आमच्यापर्यंतही आलं, आमच्या कॅमेरावाल्याने केळं तसंच तोंडात टाकलं, आजींनी थांबवलं, आधी बराखा म्हणायला लावली.