ओव्हलवर उभं राहून वाचायचं पुस्तक

नमस्कार श्रोतेहो. आज मला तुमच्याशी मुंबईतल्या इमारतींबद्दल बोलायचंय, आणि त्या बघायच्या कशा याबद्दल. माझ्याकडे एक जाडजूड गाइडबुक आहे, हॉटेलं आणि शॉपिंगवालं नाही, फक्त बिल्डिंगांचं. प्रत्येक इमारतीला एक नोंद, कोणत्या साली बांधली, आर्किटेक्ट कोण, दगड कुठला, कमानी कोणत्या पद्धतीच्या, आणि नोंदीच्या अगदी शेवटी बारीक टायपात इंजिनिअर, सुपरवायझर, मूर्ती घडवणारे अशी नावं. ती बारीक अक्षरातली नावंच मला सगळ्यात जास्त प्रिय आहेत, का ते सांगतेच.

चर्चगेटला उतरा आणि चालत ओव्हल मैदानात या, शक्यतो रविवारी. चर्चगेट हे नाव तरी कुठून आलं, आजूबाजूला तर चर्च दिसत नाही! तर पूर्वी इथे किल्ल्याला तटबंदी होती, तिचा एक दरवाजा हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस चर्चकडे जायचा, तो चर्च गेट. 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरने ती तटबंदी पाडायला घेतली. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांना इकडचा कापूस लागला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. जागा मोकळी झाली, पैसा आला, आणि त्यातून ओव्हलच्या पूर्वेची ती सगळी रांग उभी राहिली, हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, जुनं सेक्रेटरिएट. म्हणजे आपण ज्याला जुनी मुंबई म्हणतो ती साधारण दहा-पंधरा वर्षांत उभी राहिलेली आहे, हे मला पुस्तक वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

आता मैदानाच्या मधोमध उभं राहून पूर्वेकडे बघा. राजाबाई टॉवर, 280 फूट. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने 2 लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. डिझाइन लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं, जो कधी मुंबईला आलाच नाही, तिकडून ड्रॉइंग पाठवली, आणि 1878 मध्ये टॉवर पुरा झाला त्याच वर्षी तो वारला. एवढं सगळे गाइड सांगतात. पण टॉवरवर वर, कोनाड्यांमध्ये आणि कोपऱ्यांवर 24 पुतळे आहेत, पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींची माणसं, आपापल्या पगड्या-पागोट्यांसकट. इंग्लंडमध्ये अशा जागी संत आणि राजे बसवतात, इथे आपल्याकडची माणसं बसलीयत! लंडनमध्ये बसलेल्या माणसाला पागोटं कसं बांधतात ते कुठून माहीत असणार? बारीक टायपात उत्तर आहे: या पुतळ्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी, ते तिथे असिस्टंट इंजिनिअर होते. मी दुर्बीण घेऊन गेले होते त्या दिवशी, मान दुखेपर्यंत एकेक पुतळा बघितला, आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. इतकी वर्षं त्या टॉवरखालून गेले आणि हे नाव एकदाही कानावर पडलं नव्हतं.

तेव्हापासून मी प्रत्येक नोंद शेवटाकडून वाचते. सीएसएमटी घ्या. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, काम 1878 ला सुरू, दहा वर्षं चाललं, 2004 पासून जागतिक वारसा, हे ठीक. त्याच्या सोबत असिस्टंट इंजिनिअर होते सीताराम खंडेराव वैद्य, आणि ते कोरीव मोर, माकडं, पानंफुलं यात बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आपल्या जे. जे.च्या मुलांचा हात आहे. रोज लाखो लोक तिथून लोकल पकडायला धावतात, मीही धावलेय. एकदा फक्त लोकल सोडून द्या आणि एका खांबाचा वरचा भाग बघा, एकाच खांबाचा. पावसाळ्यात गेलात तर आणखी मजा, ती भिंतीतून बाहेर आलेली विचित्र प्राण्यांची तोंडं असतात ना, गार्गॉईल म्हणतात, ती नुसती शोभेची नाहीत, छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला केलेली आहेत. गॉथिक शैली, म्हणजे टोकदार कमानी आणि उंच कळसांची, ओव्हलच्या पूर्वेच्या रांगेचीही हीच पद्धत, ती युरोपातून आली खरी, पण या तोंडांना भरपूर काम आपल्या पावसाने दिलं.

परत ओव्हलवर येऊ, कारण आता पाठ फिरवायचीय. हायकोर्टासमोर एकेकाळी मैदान, मग रेल्वेलाइन आणि लगेच समुद्र होता, म्हणजे ती सगळी रांग समुद्राकडे तोंड करून बांधलेली. मग बॅकबेचा, म्हणजे तिथल्या उपसागराचा, काही भाग भरून जमीन केली आणि 1930 च्या दशकात पश्चिमेला फ्लॅटवाल्या बिल्डिंगा आल्या, आर्ट डेको. दगड गेला, आरसीसी, म्हणजे आत लोखंडी सळ्या घातलेलं काँक्रीट आलं. सिमेंटला हवा तसा वळसा देता येतो म्हणून गोल बाल्कन्या, बोटीच्या डेकसारखे कठडे, जिन्याला उभ्या काचा, गेटवर बिल्डिंगचं नाव सुंदर अक्षरात. आणि खिडक्यांवरून भुवईसारखा फिरणारा तो लांब छज्जा, दिसायला स्टाइल पण काम ऊन-पाऊस अडवायचं. युनेस्कोने 2018 मध्ये या दोन्ही रांगांना मिळून वारसा म्हटलं, एकट्या गॉथिकला नाही, हे मला फार योग्य वाटतं. एक प्रॅक्टिकल गोष्ट सांगते, सकाळचं ऊन या डेको बिल्डिंगांवर पडतं आणि संध्याकाळचं हायकोर्ट-युनिव्हर्सिटीवर, त्यामुळे एका खेपेत दोन्ही नीट दिसत नाहीत, दोनदा या.

सीएसएमटीवाल्या स्टीव्हन्सचा मुलगा चार्ल्स, त्याने 1933 चं रीगल थिएटर केलं. बापाने कळस आणि घुमट, मुलाने सरळ रेषा आणि नियॉनचा जमाना, एकाच घरात! पण इथेही मी बारीक टायपाकडेच वळणार. मात्र डेकोमध्ये एक फरक पडलाय, आपली नावं आता वरच्या ओळीत आलीयत. मरीन ड्राइव्हला वीर नरिमन रोड जिथे समुद्राला मिळतो त्या कोपऱ्यावरचा सूना महल, 1937, आर्किटेक्ट गजानन बाबुराव म्हात्रे. मुकुंद रामचंद्र शेवटच्या ओळीत आणि म्हात्रे पहिल्या ओळीत, मध्ये फक्त साठेक वर्षं आणि एक मैदान.

तुम्ही असं पुस्तक घ्याल तेव्हा रात्री घरी वाचा, तिथे जाऊन नुसतं बघा, आणि परत आल्यावर पुन्हा वाचा. एका दिवसात दोन इमारती, जास्त नकोत. आणि सोबत पेन्सिल ठेवा.

माझ्या पुस्तकात शेवटी दोन कोरी पानं होती. त्यावर मी आमच्या दादरच्या बिल्डिंगची नोंद लिहिलीय, कारण ती कुठल्याच पुस्तकात नाही: तीन मजले, गोल बाल्कनी, जिन्याच्या ग्रिलमध्ये उगवता सूर्य, मोझेकच्या लाद्या, हिरव्या आणि विटकरी. खालची ओळ मोकळी सोडलीय. पहिल्या मजल्यावरच्या आजींकडे सोसायटीची जुनी ट्रंक आहे, पुढच्या आठवड्यात ती उघडायचं ठरलंय, त्यात नकाशे निघाले तर कोपऱ्यात सही असेल.

नमस्कार.