डाव्या हाताची गोटी

(अंधार. गॅस पेटल्याचा आवाज. निळी ज्योत हळूहळू बारीक होते.)

पंखा बंद आहे. मे महिना, साकीनाक्याचा गाळा, डोक्यावर पत्रा, आणि तरीही पंखा बंद. वाऱ्याने ज्योत हलते, तापलेल्या काचेला एका अंगाने गार झोत लागतो आणि काच तडकते. ज्वलनाचा वायू बाहेर काढणारा एक्झॉस्ट तेवढा चालू असतो. घामाची सवय करून घ्यावी लागते.

बर्नरच्या मागे बसलेत ते काका. एका संशोधन संस्थेत चौतीस वर्षं त्यांनी काच फुंकली. कंडेन्सर, तोट्या, तीन तोंडांचे चंबू. शास्त्रज्ञ कागदावर आकृती काढून आणायचे, काका ती काचेत उतरवायचे. आत काय उकळतंय ते स्वच्छ दिसलं पाहिजे, काच मध्ये येता कामा नये, एवढीच अपेक्षा. निवृत्त झाल्यावर त्यांनी हा गाळा भाड्याने घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा निव्वळ बघत बसावं अशी वस्तू करायला घेतली. गोटी.

गेले आठ महिने दर रविवारी मी त्यांच्याकडे शिकायला येते.

(पारदर्शक कांड्यांचा जुडगा. कॅमेरा कांड्यांच्या टोकांवरून सरकतो.)

आपण लहानपणी चाळीच्या अंगणात ज्या गोट्या खेळलो, त्या कारखान्यातल्या. वितळलेल्या काचेचा लोळ कापला जातो आणि फिरत्या, खाचा असलेल्या रुळांवरून घरंगळत गोल होतो. त्याआधी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, जर्मनीतल्या लाउशा गावात गोटीसाठी खास कात्री निघाली होती. तिच्या एका टोकाला वाटी होती. तापलेली कांडी त्या वाटीत फिरवायची आणि कापायची. आमचं काम त्या कात्रीच्या जवळचं आहे. एका बैठकीत एक गोटी.

ही काच मात्र खेळातल्या गोटीची नाही. ही बोरोसिलिकेट, आमच्या भाषेत बोरो. साधारण ऐंशी टक्के सिलिका आणि तेरा टक्क्यांच्या आसपास बोरॉनचं ऑक्साइड. जर्मनीतल्या येना शहरात ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती घडवली, आणि आज प्रयोगशाळेतला चंबू असो की घरातला बोरोसिलचा पेला, काच हीच. तापली की ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते. म्हणून ती आच सोसते.

हा आकडा मी वाचला होता, पण समजला नव्हता. तिसऱ्या महिन्यात मी कुठूनतरी सुंदर निळ्या कांड्या मिळवल्या. मऊ काच होती ती, मण्यांची. काकांना न विचारता तिचे ठिपके बोरोवर लावले. गोटी झाली, भट्टीतूनही धड बाहेर आली. घरी नेऊन खिडकीत ठेवली. रात्री अडीचला 'टक्' असा आवाज झाला. सकाळी पाहिलं, तर निळ्या ठिपक्यांभोवतीच चिरा गेल्या होत्या. दोन काचा एकत्र तापल्या होत्या, पण गार होताना एक जास्त आकसली, दुसरी कमी. काकांनी तुकडे हातात घेऊन पाहिले. "अगं, एका वरातीत दोन ताल कसे चालतील?" एवढंच म्हणाले.

(जांभळट चष्मा. आधी चष्म्याशिवाय: ज्योतीवर पिवळा झगमगाट. मग चष्मा कॅमेऱ्यासमोर धरला जातो.)

हा झगमगाट काचेतल्या सोडियमचा. या पिवळ्या उजेडात कांडीचं टोक दिसतच नाही. चष्म्यातलं डिडिमियम नेमका तोच पिवळा शोषून घेतं. पाहा, आता आतली काच दिसायला लागली. बोरोचा प्रखर उजेड अडवायला वर आणखी एक गडद काच लागते, कारण बोरो मऊ होते तीच ८२० अंशांच्या पुढे, आणि कामाला येते त्याहून कितीतरी वर. नुसत्या हवेवरच्या गॅसने ते भागत नाही. ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेलाचा हात लावायचा नाही, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेऊ शकतं, हा काकांचा पहिला धडा. तेव्हापासून रविवारी मी केसांना तेल लावत नाही.

(दोन हात. फक्त हात.)

आता डाव्या हाताकडे बघा. तो थांबत नाहीये.

पहिले दोन महिने काकांनी मला रंगाला हात लावू दिला नाही. कांडी ज्योतीत धरायची, टोकाला मधासारखा थेंब जमू द्यायचा आणि तो मध्यावर ठेवायचा. बस. काच खाली ओघळायला बघते, तर अंगठा आणि दोन बोटांनी कांडी फिरवत राहायची, म्हणजे 'खाली' ही दिशाच तिला सापडत नाही. उजवा हात चिमटा घेतो, ठिपका लावतो, साचा धरतो, बघणाऱ्याचं लक्ष त्याच्यावरच जातं. गोल धरून ठेवतो तो डावा. मी बोलायला लागले की माझा हात थांबायचा. काका ज्योतीकडेच बघत म्हणायचे, "थांबला." पुढे मी लोकलमध्ये पेन्सिल फिरवत जायला लागले. अंधेरीपासून दादरपर्यंत, न थांबता.

(आता रंग.)

टोकाचा थेंब चपटा करून बत्ताशासारखी चकती करायची. तिच्या तोंडावर रंगाच्या बारीक कांडीने ठिपक्यांचं रिंगण. मग फक्त कड तापवायची. कड वितळून आत वळते, ठिपक्यांना ओढून नेते, आणि प्रत्येक ठिपका लांबट होत आत बुडतो. कांडीच्या अंगाने पाहिलं की ती पाकळी असते. इथे घाई केली तर हवेचा बुडबुडा अडकतो. माझ्या पहिल्या अकरा फुलांत तो आहे.

मग ठिपके लावलेल्या बाजूला, म्हणजे पाठीला, गडद रंग, त्या पाठीलाच दुसरी कांडी, आणि पहिली कांडी ज्योतीने तोडायची. ग्रॅफाइटच्या वाटीत गोटी फिरते. ग्रॅफाइट काचेला चिकटत नाही. शेवटी दुसरी कांडीही सुटते आणि एक वण राहतो. बारीक ज्योत फक्त त्या वणावर धरायची, तो विरघळेपर्यंत. मला वाटतं, सगळ्या कामातला हा सर्वात नाजूक मिनिट आहे.

(भट्टीचं दार. लाल उजेड. दार मिटतं.)

झाली, असं वाटतं. पण बाहेरचा थर आधी गार होऊन कडक होतो, आतला अजून गरम असतो, आणि तो आकसताना बाहेरच्याला खेचतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही. म्हणून भट्टीत ५६५ अंशांच्या आसपास गोटी ठेवायची, सगळ्या अंगाने सारखी होऊ द्यायची, आणि मग रात्रभर सावकाश उतरवायची.

आपल्याकडची मला माहीत असलेली काचही कामाचीच. १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना उभा राहिला तो पैसा फंडातून, लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील कितीतरी घरांनी पुसून पुसून जपला. काका त्याच रांगेतले. म्हणून सुंदर दिसतेय, एवढ्यावर ते गोटी पास करत नाहीत.

(सोमवारची सकाळ. टेबलावर बीकर, शेजारी ग्लिसरीनची बाटली.)

ग्लिसरीन आणि बोरो काच प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात. मी गोटी आत सोडते. कडा जातात. गोलाई जाते. द्रवात नुसतं फूल लटकतं, सात पाकळ्यांचं, बुडबुड्याशिवाय.

काका बीकरच्या मागे-पुढे पोलरॉइडचे, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणाऱ्या फिल्मचे, दोन तुकडे आडवे-उभे धरतात. ताण असेल तिथे आता उजेड फुटेल, इंद्रधनुष्याचे पट्टे उठतील. माझ्या आधीच्या गोट्यांत ते उठले होते आणि मला ते फार सुंदर वाटले होते.

काका वाकून बघतात. मग बीकर माझ्याकडे सरकवतात.

(बीकरचा जवळून फोटो. फुलाभोवती सगळीकडे एकसारखा काळोख.)

"ही ने खिडकीत ठेवायला," काका म्हणतात.