शेक देण्याआधी स्कॅन वाचावा लागतो

मंडळी, नमस्कार. पुढच्या रांगांत बी.एस्सी.ची मुलं-मुली बसलीत, मागे त्यांचे आईवडील आहेत. बऱ्याच घरांत कुणी ना कुणी कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेलं असणार, आपल्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात हे घर सोडून ते घर असं राहिलेलं नाही. म्हणून दोघांनाही कळेल असं बोलतो.

रेडिएशनची गोष्ट निघाली की लोक मशीनची चौकशी करतात. कुठलं मशीन, किती कोटींचं, नवीन आहे का? मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, म्हणजे कुठे किती किरण जातील याचा हिशेब करणारा; मशीनबद्दल मलाही आदर आहे. पण मशीन सांगाल तिथेच किरण टाकतं. कुठे टाकायचे, हे आदल्या आठवड्यात एका स्कॅनवर गाठीभोवती हातानं रेघा ओढून ठरलेलं असतं. ती रेघ चुकली तर अतिशय अचूक मशीन अतिशय अचूकपणे चुकीच्या जागी किरण देईल.

एक हिशेब मांडतो, मुलांनी मनातल्या मनात पडताळून बघावा. गाठ ४ सेंटीमीटर व्यासाचा गोल आहे असं धरा. तिचं आकारमान सुमारे ३३ घनसेंटीमीटर. पण स्कॅनवर कड नीट दिसली नाही, पेशंट रोज तसूभर इकडेतिकडे झोपतो, म्हणून आपण चहूबाजूंनी अर्धा सेंटीमीटर सोडतो. आकारमान झालं ६५. खात्री आणखी कमी असेल आणि पूर्ण एक सेंटीमीटर सोडला, तर ११३. म्हणजे गाठीच्या सुमारे ३.४ पट भागाला आपण किरण देतोय आणि त्यातला बहुतेक भाग निरोगी आहे. जे दिसत नाही त्याची किंमत पेशंटचं चांगलं मांस मोजतं. या विषयाचा सगळा अभ्यास हा सोडलेला सेंटीमीटर कमी करण्यासाठी आहे.

रंटगेननं क्ष-किरण शोधले १८९५ मध्ये आणि लगेच पुढच्या वर्षी लोक त्यांनी उपचार करायला लागले. पण शरीराच्या आत कुठे काय आहे, हे पुढची पाऊणशे वर्षं हाडांच्या सावलीवरून ताडावं लागायचं. पेशंटच्या अंगाभोवती शिशाची तार वाकवून आकार घ्यायचा, तो कागदावर उतरवायचा आणि त्यावर हिशेब. १९७१ मध्ये लंडनमध्ये हाउन्सफिल्ड या इंजिनिअरच्या सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला आणि हे चित्र पालटलं.

सीटीबद्दल एक गोष्ट फिजिक्सच्या मुलांनी पक्की धरावी. सीटी ही नुसती तसबीर नाही, तो आकड्यांचा तक्ता आहे. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास, हाड कित्येक शेकडे वर. या आकड्यावरून त्या ठिकाणच्या इलेक्ट्रॉनची घनता काढता येते आणि त्या घनतेवरून किरण किती शोषले जातील हे संगणक मोजतो. म्हणून बाकी कितीही स्कॅन झाले तरी प्लॅनिंगचा, म्हणजे कुठे किती किरण द्यायचे ते ठरवण्याचा, पाया अजूनही सीटीच आहे.

आता हा आकडा फसतो कुठे, ते सांगतो. निपाणीचा तंबाखू तुम्हाला मी सांगायला नको. तंबाखू-चुना गालात धरणाऱ्याला कॅन्सर होतो तो बहुधा गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीला, जिभेच्या कडेला. आणि त्याच तोंडात दाढेत चांदी भरलेली असते, नाहीतर धातूची कॅप. सीटीमध्ये या धातूपासून काळेपांढरे पट्टे सुटतात. पट्ट्याखाली गाल आहे, पण स्कॅन म्हणतो हवा आहे, नाहीतर हाड आहे. जिथे गाठ आहे नेमक्या तिथेच आकडे खोटे! मग पट्टे कमी करणारं सॉफ्टवेअर वापरायचं, आणि तरीही उरलेल्या पट्ट्यांत हातानं योग्य घनता भरायची. निदानाच्या सीटीला एक छान युक्ती आहे: पेशंटला गाल फुगवायला सांगतात. मधे हवा गेली की गाल आणि हिरडी वेगळे दिसतात, गाठ कशातून निघालीय ते कळतं. पण शेक घेताना पेशंट गाल फुगवून पंधरा मिनिटं पडू शकत नाही. म्हणजे ज्या स्कॅनवर गाठ उत्तम दिसते, त्यातला गाल आणि उपचाराच्या वेळचा गाल एका जागी नसतात. ही अडचण हाताळायला शिकणं, याला मी अभ्यास म्हणतो.

एमआरआयचं बळ वेगळं आहे. मऊ भागांतला फरक त्याच्याइतका कुणी दाखवत नाही. आपल्या खेड्यांतल्या बायकांत गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर फार. सीटीमध्ये तिथे गाठ आणि गर्भाशय एकाच करड्या रंगात मिसळलेले दिसतात. एमआरआयच्या टी-टू नावाच्या प्रकारच्या चित्रात गाठ उठून दिसते. आतून दिल्या जाणाऱ्या रेडिएशनसाठी, म्हणजे ब्रॅकीथेरपीसाठी, दर वेळी एमआरआय पाहून मात्रा ठरवायची पद्धत आली. एम्ब्रेस नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तिचे पाच वर्षांचे निकाल २०२१ मध्ये आले: सुमारे ९२ टक्के रुग्णांत गाठ त्या जागी परत आली नव्हती. मुंबईचं टाटा मेमोरियल त्या अभ्यासात होतं, याचा मला फार अभिमान वाटतो. पण एमआरआय घनतेचा आकडा देत नाही, आणि चुंबकाच्या मध्यापासून दूर गेलं की चित्र किंचित वाकतं. त्यामुळे बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणांचा हिशेब त्यावरून थेट करता येत नाही. ते बहुधा सीटीवर बसवून घ्यावं लागतं.

पेट स्कॅन साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो. त्यासाठी साखरेला जोडलेलं किरणोत्सारी फ्लोरीन-१८ लागतं, ते दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. बेंगळूरहून बेळगावला रस्त्यानं पाचशे किलोमीटर. गाडीला नऊ तास लागले तर निघालेल्या मालातला तिसावा हिस्सा हातात येतो. आडगावाला पेट सोपा का नाही, ते यावरून समजा. शिवाय आपल्याकडे टीबी आहे. टीबीची गाठही साखर ओढते आणि लखलखते. पेटमध्ये चमकलं म्हणून सरसकट रेघेच्या आत घेतलं, तर पेशंट टीबीच्या गाठीला शेक घेऊन घरी जाईल. सुईनं तपासून घ्यायचं, मग ठरवायचं.

मागे बसलेल्या घरच्या मंडळींनी आता लक्ष द्यावं. आपल्याकडे पेशंट सरहद्द धरून बसत नाही. निपाणीचा कोल्हापूरला जातो, कागवाड-अथणीचा मिरजेला, खानापूरचा बेळगावला नाहीतर हुबळीला. एमआरआय एका गावात, ऑपरेशन दुसऱ्या, शेक तिसऱ्या. आणि येताना प्लॅस्टिकच्या पिशवीत काय येतं? फिल्म. फिल्म डोळ्यांनी बघायला ठीक, पण प्लॅनिंगच्या संगणकाला मूळ डिजिटल डेटा लागतो, सगळ्या स्लाइससकट. तो सीडीवर मिळतो, मागितला की देतात. फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, आणि नव्या दवाखान्यात पहिल्याच दिवशी ती दाखवा.

डेटा आला तरी काम संपत नाही. निदानाच्या वेळी पेशंट खोलगट टेबलावर, उशीवर मान टेकून झोपलेला असतो. शेक घेताना सपाट टेबलावर, चेहऱ्यावर मास्क बांधून. मान दहा अंशांनी वेगळी असेल तर दोन चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. संगणक ती ताणून बसवतो आणि दिसायला सुंदर चित्र देतो. सुंदर दिसतंय म्हणून विश्वास ठेवायचा नाही. मणका मणक्यावर बसलाय का, जबडा जबड्यावर बसलाय का, हे एकेका स्लाइसवर जाऊन बघायचं. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळ्यात कमी शिकवलं जाणारं कौशल्य हेच आहे.

श्वासाबरोबर हलणाऱ्या गाठींसाठी फोर-डी सीटी आहे; श्वासाच्या बहुधा दहा टप्प्यांचे वेगळे स्कॅन त्यात मिळतात. त्यावर वेगळं व्याख्यान होईल. एवढंच सांगतो, की ‘श्वास भरा, धरा’ ही सूचना पेशंटला कळेल त्या भाषेत, मराठीत किंवा कन्नडमध्ये, आधी सराव करून द्यावी. गोंधळलेला माणूस एकसारखा श्वास घेत नाही आणि स्कॅन बिघडतो.

तोंडाच्या कॅन्सरला शेक सहा-सात आठवडे चालतो. एवढ्या दिवसांत खाणं कमी होतं, वजन उतरतं, मास्क सैल पडतो. गाठही लहान होते आणि कानाखालच्या लाळग्रंथी आक्रसून आत सरकतात. पहिल्या दिवशीच्या स्कॅनवर वाचवलेली ग्रंथी पाचव्या आठवड्यात किरणांच्या वाटेत आलेली असते. लाळ गेली तर काय होतं, ते आपल्या भागातल्या माणसाला विचारा: ज्वारीची भाकरी गिळता येत नाही. ब्रिटनमधल्या पार्स्पोर्ट चाचणीत २०११ मध्ये दिसलं, की जुन्या पद्धतीत वर्षभरानंतरही ७४ टक्के रुग्णांना तोंड कोरडं पडण्याचा ठळक त्रास होता. ग्रंथी वाचवून दिलेल्या आयएमआरटीत, म्हणजे किरणांचा जोर जागेनुसार कमीजास्त करणाऱ्या पद्धतीत, ३८ टक्के. एवढा फरक पडतो, म्हणून मशीनवरच कोन-बीम सीटी, म्हणजे उपचाराच्या टेबलावरच निघणारा सीटी, काढून जागा पडताळायची, आणि बदल मोठा असेल तर नवा स्कॅन, नवा मास्क, नवा प्लॅन. नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला २०१७ पासून एमआरआय आणि लिनॅक, म्हणजे किरण देणारं यंत्र, एकत्र असलेल्या मशीनवर रुग्णांना उपचार मिळताहेत. त्यात रोजच्या चित्रावर प्लॅन बदलता येतो. ते मशीन इथे नसलं तरी पेशंटचं वजन दर आठवड्याला बघणं आणि सैल मास्क ओळखणं कुठेही करता येतं.

विद्यार्थ्यांना वाट सांगतो. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करा. पुढे मुंबईला ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे, १९६२ पासून चालू आहे. काही विद्यापीठांत मेडिकल फिजिक्सचे अभ्यासक्रमही आहेत. मग दवाखान्यात वर्षभर इंटर्नशिप. एम.एस्सी. करता करता शरीररचना मात्र आजपासून वाचायला घ्या. फिजिक्सची मुलं तिथेच अडतात.

शेवटी एका मुलीनं प्रश्न विचारला: रेघा आता एआय ओढतं, मग आम्ही शिकायचं कशाला?

फार चांगला प्रश्न आहे. एआय मणका, फुप्फुस, डोळे काही मिनिटांत काढून देतं, आणि ते वापरावंच. माणसाचे तास वाचतात. पण ते ज्या चित्रांवर शिकलं, त्यांच्यापलीकडचं त्याला कळत नाही. पाश्चात्त्य देशांत घशाच्या मागच्या भागाचे, विषाणूमुळे होणारे कॅन्सर पुष्कळ, आपल्याकडे गालाचे. आपल्या पेशंटचा अर्धा जबडा काढलेला असतो, छातीचा स्नायू वर आणून गालाला ठिगळ लावलेलं असतं. असं तोंड ज्या प्रोग्रामनं पाहिलेलं नाही, त्याची रेघ तिथे भरकटते. ती ओळखायला शरीर आणि स्कॅन दोन्ही कळणारा माणूस बसलेला लागतो. आणि तो प्रोग्राम सुधारायचा असेल, तर निपाणी-चिकोडीच्या पेशंटचे स्कॅन, नावं काढून, संमती घेऊन, नीट रेघा ओढून कुणीतरी जमवायला हवेत. ते काम तुझ्यासाठी शिल्लक आहे, बाळ. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला सुरू केलंस तरी चालेल.