रिवाइंडिंग, सबमर्सिबल आणि इंग्रजीचे उपसर्ग

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीच्या वर्गापासून शिकवला जातो. तरीही बारावीनंतर मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीतले जाडजूड पुस्तक उघडतो, तेव्हा पहिल्याच पानावर त्याची गाडी अडते. व्याकरण बरे असते, वाक्याची रचनाही कळते. शब्द मात्र पुरत नाहीत. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे रोज वीस शब्द पाठ करणे. माझ्या मते या उपायात कष्ट पुष्कळ आणि पदरात पडते ते थोडे, कारण एकमेकांशी कसलेही नाते नसलेले शब्द नुसते घोकून फार दिवस टिकत नाहीत. नात्याने बांधलेले शब्द टिकतात, आणि असे नाते जुळवून देण्याचे काम इंग्रजीतले उपसर्ग फार चांगले करतात. उपसर्ग म्हणजे शब्दाच्या आधी जोडला जाणारा आणि त्याचा अर्थ वेगळीकडे वळवणारा छोटा घटक.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. ‘हार’ या एका घटकाला प्र, आ, सं, वि, परि आणि उप लावून पाहा. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार आणि उपहार असे सहा शब्द तयार होतात आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा असतो. संस्कृत व्याकरणात असे बावीस उपसर्ग सांगितले आहेत. मराठवाड्याच्या बोलण्यात त्यांच्या जोडीला फारसी-उर्दूचे उपसर्गही मुबलक आहेत, कारण १९४८ पर्यंत इथे निजामाची राजवट होती आणि सरकारी कारभार उर्दूतून चालत असे. बेहिशेबी, गैरहजर, नाराज, बदनाम हे शब्द साऱ्या महाराष्ट्रात चालतात, पण आपल्याकडे ते अधिक सहजतेने तोंडात येतात. ‘नापास’ हा शब्द तर मोठा गमतीचा आहे : त्यातला ‘ना’ फारसीचा आणि ‘पास’ इंग्रजीचा. ज्या समाजाने फारसी उपसर्ग इंग्रजी शब्दाला जोडून मराठी शब्द घडवला, त्याला इंग्रजी उपसर्गांची धास्ती वाटण्याचे काही कारण नाही.

सुरुवात पुस्तकातून न करता रस्त्यावरून करावी. तालुक्याच्या गावी बसस्थानकावरून मोंढ्याकडे चालत निघालात, तर ‘मोटार रिवाइंडिंग’ अशी पाटी लावलेले दुकान बहुधा लागतेच. विजेचा दाब कमी-जास्त झाला आणि विहिरीवरची मोटार जळाली, की ती या दुकानात येते. कारागीर ती खोलतो, आतल्या खाचांमधली काळी पडलेली तांब्याची तार कापून बाहेर ओढतो, खाचा साफ करून त्यांत नवा कागद बसवतो आणि नव्या तारेची वेटोळी त्यांत पुन्हा भरतो. वाइंड म्हणजे गुंडाळणे आणि ‘रि’ म्हणजे पुन्हा. रिवाइंडिंग म्हणजे पुन्हा गुंडाळणे. मोबाइलचा रिचार्ज आणि बोअरचा रिचार्ज, या दोहोंतला ‘रि’ हाच. जे एकदा भरलेले होते आणि संपले, ते पुन्हा भरायचे, मग ते पैसे असोत की जमिनीतले पाणी. मात्र या ‘रि’ला ‘मागे’ असा दुसराही अर्थ आहे. रिटर्न तिकीट परतीचे असते, रिफंडमध्ये भरलेले पैसे मागे मिळतात आणि रिव्हर्स गिअरमध्ये गाडी मागे जाते. पुस्तकात ‘रि’ने सुरू होणारा नवा शब्द दिसला, की ‘पुन्हा’ आणि ‘मागे’ हे दोन्ही अर्थ लावून पाहावेत. वाक्यात त्यांपैकी कोणता बसतो, हे बहुतेक वेळा लगेच कळते.

दुसरा उपसर्ग ‘सब’. सबस्टेशन, सब-इन्स्पेक्टर, सब-डिव्हिजन या शब्दांत तो दुय्यमपणा दाखवतो, आणि सरकारी मराठीत त्यासाठी उपकेंद्र, उपनिरीक्षक, उपविभाग असे शब्द आहेत. त्याचा मूळ अर्थ मात्र ‘खाली’ असा आहे, आणि तो सबमर्सिबल पंपात शाबूत राहिला आहे. हा पंप बोअरमध्ये पाण्याच्या पातळीखाली सोडलेला असतो. ‘मर्स’ किंवा ‘मर्ज’ हा भाग बुडणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. आता त्याच धातूचे आणखी दोन शब्द घ्या. थंडीत बादलीतले पाणी तापवण्यासाठी जो इमर्शन रॉड वापरतात, तो पाण्यात बुडवायचा असतो. तिथला ‘इम’ म्हणजे आत. आणि सरकारी दवाखान्यातला इमर्जन्सी वॉर्ड? त्यातला ‘इ’ म्हणजे बाहेर. जे दिसत नव्हते ते पाण्यातून वर यावे तसे एकाएकी समोर उभे राहिलेले संकट, ती इमर्जन्सी. शेतातला पंप, न्हाणीघरातला रॉड आणि दवाखान्यातला वॉर्ड ही तिन्ही नावे एकाच धातूपासून निघालेली आहेत आणि ती पाठ करण्यासाठी कोणी पुस्तक उघडलेले नाही. हीच ओळख धरून सबमर्ज, इमर्ज आणि इमर्स ही तीन क्रियापदे वाचताना बुडणे, वर येणे आणि आत बुडवणे असे अर्थ आपोआप हाती येतात.

सरकारी भाषांतरकारांनी ‘सब’साठी ‘उप’ निवडला, तो अर्थाच्या दृष्टीने चपखल आहेच. पण या दोन उपसर्गांत रक्ताचेही नाते आहे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले होते. पुढच्या अभ्यासाने ते पक्के झाले. संस्कृतातला ‘उप’, ग्रीकमधला ‘हायपो’ आणि लॅटिनमधला ‘सब’ हे एकाच कुळातले आहेत, तसेच ‘उपरि’, ‘हायपर’ आणि ‘सुपर’ हेही. लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही जोडी विशेष ध्यानात ठेवावी. हायपर म्हणजे वर, जास्त. हायपो म्हणजे खाली, कमी. हायपरग्लायसेमियात रक्तातली साखर वाढलेली असते आणि हायपोग्लायसेमियात ती घसरलेली असते. उच्चारात एका अक्षराचा फरक, पण उपचार अगदी उलट. भूमितीतला पेरिमीटरही असाच घरचा निघतो. ग्रीक ‘पेरि’ म्हणजे आपला ‘परि’ आणि मीटर म्हणजे मापन. म्हणजे शाळेत शिकलेली ‘परिमिती’ हा त्या शब्दाचा घटकास घटक प्रतिशब्द आहे.

आता सर्वांत जास्त अडवणाऱ्या मुद्द्याकडे वळतो. उपसर्ग नेहमी मूळ रूपातच भेटत नाहीत. नकार दाखवणारा ‘इन’ इनकम्प्लीट, इनकरेक्ट यांत सरळ दिसतो, पण इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर यांत तो ओळखू येत नाही. पुष्कळ मार्गदर्शिका इम, इल आणि इर हे तीन वेगळे उपसर्ग म्हणून छापतात आणि विद्यार्थी ते वेगवेगळे पाठ करतात. यात श्रम वाया जातात. आपण आत्ता रेडिओजवळ बसला असाल, तर ‘इनपॉसिबल’ हा शब्द भराभर चार वेळा म्हणून पाहा. ‘प’ उच्चारण्यासाठी ओठ आधीच मिटू लागतात आणि ‘न’चा ‘म’ होऊन जातो. ‘ल’पुढे तोच ‘न’ ‘ल’मध्ये मिसळतो, ‘र’पुढे ‘र’मध्ये. आठवी-नववीत व्यंजनसंधी शिकताना आपण उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, उत् अधिक नती म्हणजे उन्नती, उत् अधिक चार म्हणजे उच्चार असे सोडवले होते. लॅटिनमध्ये घडले ते हेच. ‘सब’ही असाच वेष पालटतो. सपोर्ट, सफर, सजेस्ट, सक्सीड या सगळ्यांच्या आरंभी मुळात ‘सब’ आहे. ‘सह’ या अर्थाचा ‘कॉन’ कनेक्टमध्ये जवळपास जसाच्या तसा राहतो, कंबाइनमध्ये ‘कॉम’ होतो, कलेक्टमध्ये ‘कॉल’ होतो, करेक्टमध्ये ‘कॉर’ होतो आणि को-ऑपरेटिव्हमध्ये नुसता ‘को’ उरतो. साखर कारखान्याच्या पाटीवरचा ‘सहकारी’ हा शब्द या शेवटच्या शब्दाचा अचूक अनुवाद आहे. इंग्रजी स्पेलिंगमधली जोडअक्षरे मुलांना फार छळतात. इल्लीगलमध्ये दोन ‘एल’ आणि सपोर्टमध्ये दोन ‘पी’ का, याचे उत्तर या संधीत आहे. एक ‘एल’ लीगलचा, दुसरा वेष पालटलेल्या उपसर्गाचा.

‘अन’ची गोष्ट वेगळी. तो लॅटिनचा नसून इंग्रजीचा घरचा उपसर्ग आहे आणि कोणापुढेही बदलत नाही. म्हणून अनपॉप्युलर आणि अनलाइकली असेच म्हणतात. अनहॅपीमध्ये तो नकार दाखवतो. मोंढ्यात ट्रक अनलोड करतात, तेव्हा मात्र त्याचा अर्थ नकाराचा नसतो. भरण्याच्या उलट क्रिया, म्हणजे उतरवणे, असा असतो. क्रियापदाला लागलेला ‘अन’ बहुधा केलेले उलटवतो : लॉक-अनलॉक, टाय-अनटाय. ‘अन’ लावावा की ‘इन’, याचा पक्का नियम मात्र नाही. अनेबल म्हणतात, पण त्याच अर्थाचे नाम इनॅबिलिटी होते. अनजस्ट म्हणतात, पण इनजस्टिस. इथे शब्दकोशाला पर्याय नाही.

उपसर्ग अर्थाचा अंदाज देतो, हमी देत नाही. पेट्रोलच्या टँकरवर ‘इनफ्लेमेबल’ असे लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे नकार एवढेच पाठ केलेला माणूस ‘न पेटणारे’ असा अर्थ लावील, आणि तो जिवावर बेतू शकतो. कारण तिथला ‘इन’ नकाराचा नाही आणि शब्दाचा अर्थ ‘सहज पेट घेणारे’ असाच आहे. याच धोक्यामुळे पुढे नुसते ‘फ्लेमेबल’ लिहिण्याचा आग्रह सुरू झाला. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे; आपल्या ‘अमूल्य’प्रमाणे, ज्याची किंमत करता येत नाही ते. काही शब्दांत तर उपसर्ग मुळी नसतोच. पोस्टमार्टममधला ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, पण पोस्टमनमधला ‘पोस्ट’ म्हणजे टपाल. अंकलमध्ये ‘अन’ नाही आणि रीझनमध्ये ‘रि’ नाही. यासाठी सोपी कसोटी अशी, की उपसर्ग काढल्यावर उरणाऱ्या भागाला काही अर्थ आहे का, आणि तो घेऊन वाक्य जुळते का, हे पाहावे. जुळत नसेल तर तो हट्ट सोडावा.

सरावासाठी शंभर पानी वही पुरे. एका उपसर्गाला एक पान द्यावे आणि त्यावर फक्त स्वतः ऐकलेले किंवा वाचलेले शब्द लिहावेत, समोर तो शब्द कुठे भेटला ते लिहावे आणि खाली एक पूर्ण वाक्य तयार करावे. तयार याद्या उतरवून काढू नयेत. त्याने वही भरते, इतकेच. आठवडाभर एकाच उपसर्गाच्या मागे राहिले तरी चालते, उलट तेच बरे.

पहिल्या पानासाठी ‘पलीकडे’ या अर्थाचा ‘ट्रान्स’ घ्यावा, कारण गावात आपण ज्याला डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर, शिक्षकांची ट्रान्सफर, उसाचे ट्रान्सपोर्ट आणि किडनीचे ट्रान्सप्लांट हे शब्द आपल्यापाशी आहेतच. त्यांतल्या ‘पोर्ट’चा अर्थ वाहून नेणे असा आहे. तेवढ्यावरून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट आणि मघाशी आलेला सपोर्ट यांची फोड करा, आणि चौथा शब्द रिपोर्ट घेऊन त्यात कोण, काय, कुठून मागे वाहून आणतो, ते त्याच पानावर एका वाक्यात लिहा.

नमस्कार.