शहराचा ओला कचरा आणि आपली काळी माती

श्रोतेहो, नमस्कार.

फुरसुंगी, उरुळी देवाचीचं नाव निघालं की पुण्यात कचऱ्याचे डोंगरच आठवतात. पण कचऱ्याचं खत शेतात टाकलं, तर मातीत नेमकं काय घडतं? आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या काळ्या जमिनीत चुनखडी असते, सामू, म्हणजे पीएच, बहुधा ८ च्या आसपास. अशा मातीत लोह आणि जस्त असूनही पिकाला मिळत नाही. उसाचं कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नीट कुजलेल्या खतातली सेंद्रिय आम्लं हे लोह-जस्त विरघळत्या रूपात धरून मुळांपर्यंत पोचवतात. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थांतला कार्बन, वाढतो, मातीत अन्नद्रव्यं टिकतात. सामू मात्र फारसा हलत नाही, कारण चुनखडी त्याला खाली येऊ देत नाही.

खत अर्धकच्चं असेल तर जिवाणू ते कुजवण्यासाठी मातीतलाच नत्र ओढतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत लागतं. क्षारांसाठी विद्युत वाहकता मीटरला ४ डेसीसायमनपर्यंतच चालते. दौंड, इंदापूरकडच्या क्षारपड रानात तर हा आकडा पाहिल्याशिवाय गोणी उघडूच नका.

खरी काळजी जड धातूंची. घरातच सेल, बॅटऱ्या, रंगाचे डबे ओल्या कचऱ्यात गेले, की त्यांतलं शिसं आणि कॅडमियम खतात उतरतं. शिशाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेतलं खत एकरी ५ टन टाकलं, तरी अर्धा किलोपर्यंत शिसं रानात जाऊ शकतं. कर्ब काही हंगामांत संपतो, शिसं वरच्या थरातच राहतं. चुनखडीमुळे पीक ते कमी उचलतं, हे खरं. पण पालेभाजीच्या मळ्यात मी त्या भरवशावर राहणार नाही.

म्हणून पुणेकरांनो, ओला कचरा वेगळा द्या. शेताची माती तुमच्या डब्यापासून ठरते. आणि शेतकरी बंधू-भगिनींनो, खताबरोबर तपासणी अहवाल मागा, त्यात जड धातूंचे आकडे हवेतच. खत टाकण्याआधी शेतात ठिकठिकाणी वीतभर खोल इंग्रजी व्ही आकाराचे खड्डे घेऊन माती काढा, एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या. दोन-तीन वर्षांनी त्याच रानातली माती पुन्हा तपासून घ्या.

नमस्कार.