पाच गुणांची सीमा

[पडद्यावर: १ जानेवारी २०१०. मेल सर्व्हरच्या नोंदी भराभर सरकताहेत.]

१ जानेवारी २०१०. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, बिलं, ऑफिसातली पत्रं नेहमीसारखी निघाली, आणि त्यांतली कितीतरी जाऊन पडली ती थेट जंक फोल्डरमध्ये. मजकुरात काही वावगं नव्हतं. पाठवणारेही ओळखीचे होते. आड आली ती तारीख.

स्पॅमअसॅसिन हे स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर तेव्हा जगभरच्या मेल सर्व्हरवर चालत होतं, आजही चालतं. आपला मेल यादीत सगळ्यात वर दिसावा म्हणून काही स्पॅमर त्यावर पुढच्या काळातली तारीख घालत. त्यांना पकडण्यासाठी एक नियम लिहिला होता: वर्षाचे आकडे दोन, शून्य, मग एक ते नऊपैकी कुठलाही, आणि शेवटी कुठलाही. म्हणजे २०१० पासून २०९९ पर्यंतचं प्रत्येक वर्ष संशयित. नियम लिहिला तेव्हा २०१० लांब होतं. ते उजाडलं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक साध्या मेलला या एका नियमापायी साधारण तीन गुण चिकटू लागले. चूक कोणाच्याच लक्षात आली नव्हती असंही नाही. पुढच्या आवृत्तीच्या कोडमध्ये ती दुरुस्त झाली होती, फक्त ती दुरुस्ती चालू सर्व्हरपर्यंत पोहोचली नव्हती.

आता तीन गुण म्हणजे किती, ते पाहू.

[पडद्यावर: एका मेलचा शीर्षभाग. एकेक ओळ उजळते.]

स्पॅमअसॅसिन शेकडो छोट्या चाचण्या लावतं. प्रत्येक चाचणी गुण देते, काही चाचण्या गुण वजा करतात, आणि बेरीज पाचावर गेली की मेल स्पॅम ठरतो. समोरच्या मेलची बेरीज बघा. त्यात एचटीएमएल, म्हणजे वेबपानासारखी मांडणी आहे, त्याचे ०.००१, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पाठवणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्याला, म्हणजे इंटरनेटवरच्या क्रमांकाला, नाव नाही, ०.७९३. आतली लिंक बदनाम संकेतस्थळांच्या यादीत सापडली, १.७. आणि शिकवलेल्या शब्दांवरून हा मेल स्पॅम असण्याची शक्यता नव्याण्णव टक्क्यांच्याही वर, ३.५ अधिक ०.२. बेरीज सहाच्या थोडी पुढे. गेला जंकमध्ये.

एकट्या पुराव्यावर निकाल लागू नये, ही या रचनेमागची समज मला फार महत्त्वाची वाटते. हे गुण कोणी अंदाजानं ठरवत नाही. जगभरचे स्वयंसेवक आपले मेल हातानं निवडून स्पॅम आणि चांगले असे दोन ढीग करतात, त्यांवर नियम चालवून बघतात आणि त्या निकालांवरून गुण काढले जातात. जस्टिन मेसन यांनी २००१ साली हे काम पर्ल भाषेत उभं केलं. २००४ पासून ते अपाची फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे.

म्हणजे २०१० च्या त्या सकाळी तारखेच्या तीन गुणांनी कोणताही मेल एकदम बाद होत नव्हता. ज्याच्याकडे आधीच दोनेक गुण जमले होते, तो सीमेपार गेला. आणि जिथे चाळणीला रोजचे चांगले मेल दाखवून ठेवले होते, तिथे ओळखीच्या मजकुराला वजा गुण मिळून बेरीज खाली राहत होती.

[पडद्यावर: दोन सर्व्हर, मध्ये जाणारे-येणारे संदेश.]

पण मजकूर वाचायची वेळ येण्याआधीच बरंच काही घडतं. बाहेरचा सर्व्हर आपल्या सर्व्हरशी बोलायला येतो: मी अमुक, पत्र तमुकाकडून, पत्र तमुकाला. पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर तेवढ्यात एक चौकशी उरकतो. समजा येणाऱ्याचा पत्ता २०३.०.११३.७ आहे. तो उलटा करायचा, ७.११३.०.२०३, पुढे काळ्या यादीचं, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीचं डोमेन जोडायचं आणि डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या व्यवस्थेला, विचारायचं. उत्तरच आलं नाही, तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ असं उत्तर आलं, तर नाव यादीत आहे. या याद्यांमधली सगळ्यात परिचित स्पॅमहॉसची. स्टीव्ह लिनफर्ड यांनी ती संस्था १९९८ साली लंडनमध्ये सुरू केली.

इथे एक खड्डा आहे. नवा सर्व्हर उभारणारा त्यात हमखास पडतो, म्हणून जरा थांबून सांगतो. बहुतेक जण सर्व्हरवर गूगलचा ८.८.८.८ हा फुकटचा डीएनएस लावून मोकळे होतात. पण अशा सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारलेल्या प्रश्नाला स्पॅमहॉस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा चूक कळवणारा संकेत परत पाठवते. आपल्या पोस्टफिक्सला 'उत्तर आलं की मेल नाकार' एवढंच सांगितलेलं असेल, तर तो या संकेतालाच 'पत्ता यादीत आहे' असं समजतो आणि येणारा प्रत्येक मेल परतवतो. बँकेचा, सरकारी कार्यालयाचा, सगळ्यांचा. उपाय अवघड नाही. अनबाउंडसारखा स्वतःचा छोटा डीएनएस सर्व्हर त्याच यंत्रावर चालवायचा, आणि पोस्टफिक्सला स्पष्ट सांगायचं, की १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ यांपैकी उत्तर आलं तरच मेल नाकार.

नकार द्यायचा तो संभाषण चालू असतानाच. आधी 'मिळालं' म्हणून मेल ठेवून घ्यायचा आणि मग पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर परत धाडायचा, हे फार वाईट. स्पॅमवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा खोटा, कुणा तिसऱ्याचा असतो. परत धाडलेला तो कचरा त्या बिचाऱ्याच्या दारात जाऊन पडतो, आणि आपलाच सर्व्हर काळ्या यादीत जायची वेळ येते. दारातच ५५० हा नकाराचा संकेत दिला, की खऱ्या माणसाला त्याचाच सर्व्हर कळवतो: पत्र पोहोचलं नाही. त्याला निदान फोन तरी करता येतो. स्पॅम समजून मेल गुपचूप पुसून टाकणाऱ्या व्यवस्थेचं समर्थन मला कधीच करता येणार नाही.

आरस्पॅमडी हे नव्या पिढीतलं सॉफ्टवेअर या बाबतीत चांगल्या सवयी घेऊन येतं. त्याच्या मूळ मांडणीत चार गुणांवर मेलला 'थोड्या वेळानं या' म्हणतात, सहावर स्पॅमची खूण लावून आत घेतात, आणि थेट नकार पंधरा गुणांनंतर. मधली जागा मोठी ठेवली आहे, कारण शंका तिथेच असते.

[पडद्यावर: पतसंस्थेचं कार्यालय. संगणकावर मराठी मेलची यादी.]

आता शिकवणीकडे येऊ. ही सगळ्यात कामाची गोष्ट, आणि सगळ्यात दुर्लक्षित.

एखाद्या सहकारी पतसंस्थेचा मेल सर्व्हर घ्या. तिथल्या रोजच्या पत्रांत काय असतं? कर्ज, व्याजदर, तारण, थकीत हप्ता, जामीनदार, वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना. आणि स्पॅममध्ये काय असतं? कमी व्याजदर, विनातारण कर्ज, आजच अर्ज करा. शब्द निम्मेअधिक तेच. दुसरीकडे शिकून आलेल्या चाळणीला इथला फरक कळणं शक्य नाही. तो कळतो शेजारच्या शब्दांवरून: शाखेचं नाव, खातेक्रमांकाची पद्धत, ठरावाची भाषा, व्यवस्थापकाच्या सहीखालच्या ओळी. हे सगळं त्या संस्थेच्या स्वतःच्या पत्रांतच मिळतं.

यामागचं गणित थॉमस बेझ या गणितज्ञाच्या नावानं ओळखलं जातं: हा शब्द स्पॅममध्ये किती वेळा आला, चांगल्या मेलमध्ये किती वेळा, त्यावरून शक्यता. स्पॅमअसॅसिनमध्ये हा भाग दोनशे स्पॅम आणि दोनशे चांगले मेल दाखवल्याशिवाय बोलायलाच लागत नाही. दाखवायची आज्ञा सा-लर्न. लोक स्पॅमचा ढीग हौसेनं ओततात आणि चांगले मेल द्यायला विसरतात. मग चाळणीला जगात सगळं स्पॅमच दिसतं. दोन्ही ढीग साधारण सारखे हवेत, ताजे हवेत, आणि माणसानं नजरेखालून घातलेले हवेत. पत्रं खासगी असतात ही शंका कोणी काढली तर ती रास्तच आहे. शब्दांच्या साठ्यात मात्र मूळ शब्द राहत नाहीत, त्यांचे छोटे हॅश, म्हणजे गणितानं काढलेले संकेत, तेवढे राहतात.

मराठी मेलसाठी आणखी दोन गोष्टी. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि जुन्या आवृत्त्यांना इंग्रजीबाहेरचा मजकूर नीट हाताळता येत नसे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्पॅमअसॅसिनच्या ४.० आवृत्तीत हे काम पुष्कळ सुधारलं, तेव्हा त्याआधीची आवृत्ती चालू असेल तर बदला. दुसरं, भाषा ओळखणारं टेक्स्टकॅट हे प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्रॅम. कोणी ते चालू करून 'फक्त इंग्रजी चालेल' असं लिहून ठेवलं असेल, तर मराठी मेलला नुसत्या भाषेपायी २.८ गुण बसतात. सीमा पाचाची, हे लक्षात घ्या. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, हिंदी आहे, संस्कृत आणि नेपाळीही आहेत. त्या सगळ्या मोकळ्या ठेवा. दोन ओळींच्या पत्रावरून मराठी की हिंदी हे यंत्राला नेहमी उमगतंच असं नाही.

[पडद्यावर: टर्मिनल. आज्ञा, मग तिचं उत्तर.]

स्पॅमअसॅसिनच्या मांडणीची फाइल लोकल.सीएफ. तिच्यात काही बदललं, की लिंटची, म्हणजे फाइलीतल्या लिखाणाच्या चुका शोधणारी, तपासणी चालवायची आणि मगच सेवा पुन्हा सुरू करायची. नियम ताजे ठेवायला रोज रात्री सा-अपडेट ही आज्ञा. सगळं चालतंय का हे बघायला खरा स्पॅम लागत नाही: जीट्यूब नावाची ६८ अक्षरांची एक ठरलेली ओळ आहे, ती मेलमध्ये घालून पाठवली की हजार गुण मिळतात. नाही मिळाले, तर मेल चाळणीतून जातच नाहीये.

यानंतरचं काम माणसाचं. आठवड्यातून एकदा जंकमधले पाच ते आठ गुणांचे मेल उघडून बघायचे. वीस-तीस गुणांच्या कचऱ्यात वेळ घालवू नका, चुकलेलं पत्र सापडतं ते सीमेच्या काठावर. एखाद्या सभासदाचा कर्जाचा अर्ज तिथे दिसला, तर आधी तो इनबॉक्समध्ये हलवा आणि सा-लर्नला चांगला मेल म्हणून दाखवा; आधीची चुकीची शिकवण ते आपणहून पुसतं. मग शीर्षभाग उघडून कुठल्या नियमानं किती गुण दिले ते बघा, आणि त्या सभासदाला त्याच दिवशी उत्तर पाठवा.