पाळी गाठणारी सायकल

ठाणे-बेलापूर रस्त्यावर सकाळी सहा-साडेसहाला उभे राहिले, तर नवी मुंबईत सायकलवरून कामावर जाणारा माणूस अजून संपलेला नाही, हे सहज ध्यानात येते. कॅरिअरला डब्याची पिशवी अडकवून टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यातील कारखान्याची पहिली पाळी गाठायला निघालेले कामगार, रात्रपाळी संपवून घरी परतणारे सुरक्षारक्षक, मागे पावाची टोपली बांधलेले विक्रेते, असे सारे टँकर आणि ट्रेलर यांच्या कडेकडेने वाट काढत असतात. शहरात सायकल मार्गाची चर्चा निघाली की मात्र डोळ्यांसमोर येतो तो रविवारच्या सकाळचा पाम बीच मार्ग आणि तिथल्या गिअरच्या महागड्या सायकली. फिरायला निघालेल्यांबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही, पण त्यांच्यासाठी आखलेला मार्ग कामगाराला कारखान्याच्या फाटकापर्यंत नेत नाही.

1970 मध्ये सिडको या सरकारी नगर नियोजन संस्थेची स्थापना झाली आणि हे शहर स्वतंत्र नोडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या उपनगरांमध्ये, वसवले गेले. पूर्वेला पारसिकचे डोंगर असले, तरी ऐरोलीपासून नेरुळपर्यंतची बहुतेक वस्ती त्यांच्या पायथ्याशी, खाडीच्या बाजूच्या सपाट जमिनीवर आहे. घर ते स्टेशन हे अंतर अनेकांना दोन-तीन किलोमीटरच पडते आणि ताशी 15 किलोमीटरच्या सावकाश वेगानेही ते दहा-बारा मिनिटांत कापता येते. रिक्षाच्या रांगेत कधीकधी याहून जास्त वेळ जातो.

खरी अडचण येते ती ओलांडताना. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे या नोडमधील बहुतेक घरे रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला, तर रबाळे-महापे परिसरातील कारखाने आणि आयटी कंपन्या पूर्वेला आहेत. मध्ये लोहमार्ग आणि त्याला लागून ठाणे-बेलापूर रस्ता. उड्डाणपूल मोटारींच्या वेगासाठी बांधलेले, पादचारी पुलांना जिने, त्यामुळे सायकलस्वाराला अवजड वाहनांच्या मधूनच जावे लागते. म्हणून या भागात सायकल मार्गाची सुरुवात पूल आणि भुयारी मार्गांपासून व्हायला हवी. सरळ रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा रंगवणे हे त्या मानाने सोपे आणि कमी उपयोगाचे काम आहे.

मार्ग तुटतो तो बहुधा चौकात. ट्रॅक सिग्नलच्या अलीकडे संपतो आणि डावीकडे वळणारी बस नेमकी तिथेच सायकलच्या आडवी येते. चौकातही मार्गिका अखंड ठेवली, ती थोडी उंच केली आणि सायकलींची थांबरेषा मोटारींच्या पुढे आखली, तर चालकाला सायकलस्वार वेळीच दिसतो. पावसाळ्याचा विचारही आखणीतच करावा लागतो: पेव्हर ब्लॉक खचतात, त्यांवर शेवाळ धरते, आणि गटाराच्या जाळीच्या फटी रस्त्याला समांतर असतील तर त्यांत चाक अडकते. डांबराचा सपाट पृष्ठभाग आणि आडव्या फटींची जाळी यांना फार मोठा खर्च येत नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 च्या सुमारास बांधलेल्या ट्रॅकवर पुढे वाहने उभी राहू लागली आणि तो वापरातून गेला. मोटार अडवायला तोंडाशी खांब रोवता येतात, पण पावाची टोपली घेऊन जाणारी सायकल जिथून निघते तिथून स्कूटरही निघतेच. तिला रोखणारा खांब कुणी शोधला असेल असे वाटत नाही. सायकल मार्गावर मोटार वाहन चालवण्यास नियमांनी मनाई आहेच, तेव्हा हे काम वाहतूक पोलिसांचे आणि रोजच्या कारवाईचे आहे.

स्टेशनबाहेर मोटारसायकलींना वाहनतळ मिळतो, तसा सायकलींनाही छप्पर, रखवालदार आणि चाकासह सांगाडा साखळीने बांधता येईल अशी लोखंडी चौकट मिळाली पाहिजे, कारण गर्दीच्या वेळी लोकलमध्ये सायकल नेता येत नाही. आणि एकच मार्ग आधी बांधायचा झाल्यास तो घणसोली स्टेशनपासून महापेपर्यंतचा असावा: अंतर थोडे, प्रवासी रोजचे, आणि पाळीच्या वेळा ठरलेल्या असल्याने किती जण तो वापरतात, हे कारखान्यांच्या फाटकावर उभे राहून मोजता येईल.